नानांनी न घातलेली अट

आमच्या नातेवाइकांत एक वाक्य बरीच वर्षं फिरतं आहे. कुणी कर्ज काढून घर बांधलं किंवा फ्लॅट घेतला, की कुणीतरी ते म्हणतंच : "उताऱ्यावर बँकेचा बोजा असताना पूजेला यजमान म्हणून बसायचं कुणी? तुम्ही, की बँकेच्या मॅनेजरने?" सगळे हसतात. मग कुणीतरी जरा आदराने सांगतं, हे आमच्या नानांचं वाक्य. नाना म्हणजे माझे सासरे. कर्ज फिटल्याशिवाय वास्तुशांत करायची नाही असा त्यांचा नियम होता आणि आम्ही तो पाळला, अशी सगळ्यांची समजूत आहे.

नानांनी असा नियम कधी केला नव्हता. ते वाक्यही त्यांचं नाही. ते मी रचलं आणि त्यांच्या नावावर खपवलं. का आणि कसं, ते इथे लिहितो आहे.

मी नगरच्या एका माध्यमिक शाळेत कारकून होतो. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार झाला, मुलगी तिथेच शाळेत जायला लागली. मग केडगावात एक लहानसा प्लॉट मिळाला आणि बँकेचं गृहकर्ज काढून आम्ही घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा. आतून गिलावा झाला, बाहेरून विटा तशाच राहिल्या, कारण तोवर पैसे संपले होते. राहायला गेलो तेव्हा बायकोने नव्या शेगडीवर दूध उतू घातलं, गणपतीसमोर साखर ठेवली आणि म्हणाली, "वास्तुशांत सावकाश करू. नानाच करतील."

नाना पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात शाळामास्तर होते आणि निवृत्तीनंतर भिक्षुकी करायचे. पंचक्रोशीतल्या घरांच्या वास्तुशांती त्यांच्याच हातच्या. सासूबाई आधीच गेल्या होत्या. नाना माझ्या मेव्हण्याजवळ राहायचे. त्यांची एक सवय होती. ज्या घराची शांत झालेली नाही, त्या घरात ते रात्री झोपत नसत. इतरांना ते काही सांगत नसत, पण स्वतःपुरतं पाळायचे. बायकोला हे ठाऊक होतं. म्हणून तिला घाई होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी वडील तिच्याकडे कधी राहिले नव्हते. भाड्याच्या खोल्यांत त्यांना झोपायलाच जागा नव्हती. आता घर होतं. नाना चार दिवस येऊन राहतील, सकाळी ओट्यावर बसून चहा घेतील, एवढंच तिला हवं होतं.

मला मात्र कर्जाची घाई होती. हप्ता पगारातून जायचा त्याचं काही वाटत नसे. पण बँकेच्या पहिल्या वर्षाच्या पत्रकात मी पाहिलं की भरलेल्या पैशातला बहुतेक भाग व्याजातच गेला आहे आणि मुद्दल जागच्या जागी आहे. ते माझ्या मनाने घेतलं. त्या दिवसापासून घरात एकच धोरण : जे उरेल ते दिवाळीत बँकेत न्यायचं आणि मुदलात भरायचं.

आणि उरायचं, कारण आम्ही उरवायचो. मी सायकलवर शाळेत जायचो. बरोबरीच्या लोकांकडे स्कूटर आल्या होत्या. आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात बंबात तापायचं, त्याला बायको सुतारकामाच्या दुकानातून लाकडाच्या ढलप्या आणायची. दुपारचा चहा बिनदुधाचा. भाजी बाजार उठताना घ्यायची. गहू सणावाराला, एरवी ज्वारीची भाकरी, आणि ज्वारी नानांच्या गावाकडून यायची. बायको साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. मुलगी जरा मोठी झाल्यावर शेजारणीला म्हणाली होती, "काकू, आमच्या घरात कुकरसुद्धा दोनच शिट्ट्या देतो. तिसरी बाबांना परवडत नाही." शेजारीण हसून हसून खाली बसली. मीही हसलो होतो. आम्ही दुःखात नव्हतो, हे सांगायला हवं. त्या दिवसांत एक गंमतही होती. दिवाळीत पैसे भरायला गेलो की खिडकीवरचा बँकेचा माणूस म्हणायचा, "काका, लोक इथे कर्ज मागायला रांगेत उभे राहतात. तुम्ही फेडायला उभे राहता!" मला ते ऐकायला आवडायचं. खरं म्हणजे फारच आवडायचं.

नव्या घरी राहायला गेल्यानंतर काही महिन्यांनी मी एका कामासाठी पाथर्डीला गेलो होतो, तेव्हा नानांकडे गेलो. आमच्यात अशी पद्धत होती की कार्याचं, देण्याघेण्याचं बोलणं सासरे आणि जावई यांनी करायचं. मुलगी वडिलांना थेट विचारत नसे आणि वडीलही मुलीला विचारत नसत. नानांनी स्वतःहून विषय काढला.

"जावईबापू, शांत कधी करायची?"

मी म्हटलं, "बघू, नाना. जरा हात मोकळा झाला की."

"हात मोकळा व्हायला काय लागतंय? पाच माणसं, वरणभात आणि एक नारळ. सामान मी घेऊन येतो. दक्षिणा मला नको, उलट लेकीचा आहेर मीच आणणार आहे. तुम्ही फक्त तारीख सांगा."

पाच माणसं म्हणणं सोपं होतं. माझे भाऊ, बहिणी, त्यांची मुलं, शाळेतला सगळा स्टाफ, कॉलनी. एकाला बोलवावं आणि दुसऱ्याला नाही, असं आमच्याकडे चालत नाही. जेवणावळ, बायकांना साड्या, पुरुषांना टॉवेल-टोपी. मनातल्या मनात हिशेब झाला आणि त्या वर्षीची मुदलात भरायची रक्कम जवळजवळ सगळी त्यात गेली. नुसतं 'नको' म्हणणं मला जमलं नाही. जावई चिक्कू आहे असं त्यांना वाटेल याची लाज वाटली. म्हणून मी म्हणालो, "तिचंच म्हणणं आहे, नाना. कर्ज फिटू दे, मग मोकळ्या मनाने करू, म्हणते."

नाना थोडा वेळ सुपारी कातरत राहिले.

"तिचं म्हणणं असेल तर बरोबरच असेल," ते म्हणाले. "लहानपणापासून हिशेबी आहे ती."

घरी आल्यावर बायको दारातच उभी होती. "काय म्हणाले नाना? कधीची तारीख?"

आणि तिथे मी ते वाक्य बोललो. एसटीत येताना मी ते मनाशी जुळवत आलो होतो. नाना म्हणाले, उताऱ्यावर बँकेचा बोजा असताना यजमान म्हणून बसायचं कुणी. नानांची बोलायची धाटणी मला चांगली ठाऊक होती, त्यामुळे ते अगदी त्यांचंच वाटलं. बायको आधी हसली. मग म्हणाली, "म्हणजे कर्ज फिटेपर्यंत नाहीच?"

"त्यांचा नियम आहे," मी म्हणालो.

अशा रीतीने मी बापाला लेकीचं नाव सांगितलं आणि लेकीला बापाचं. दोघंही मानी. दोघांनीही पुन्हा विचारलं नाही.

नाना वर्षातून एक-दोनदा यायचे. डोळे दाखवायला, नाहीतर ज्वारी आणि मूग पोचवायला. दुपारी जेवायचे, नातीशी पत्ते खेळायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. बायको त्यांना फाटकापर्यंत पोचवायला जायची. एकदाचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं, कारण मी त्यांची पिशवी घेऊन शेजारीच उभा होतो.

ती म्हणाली, "नाना, आजची रात्र राहा ना."

"राहीन गं. तुझं कर्ज फिटू दे, मग चांगला चार दिवस राहतो."

"हो. नियम म्हणजे नियम," ती जरा तुटकपणे म्हणाली.

"हो बाई," नाना म्हणाले, "नियम तो नियम."

तिला वाटलं ते आपला नियम सांगताहेत. त्यांना वाटलं ती आपला सांगते आहे. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि एसटी चुकेल म्हणालो.

त्यानंतर ती त्यांना राहायचा आग्रह करेनाशी झाली. वडिलांना आपल्या घरी यायचंच नाही, नियम हे निमित्त आहे, असं तिच्या मनाने घेतलं. मला एकदा म्हणाली, "दादाकडे मात्र पत्र्याच्या खोलीत राहतात आनंदाने." मी तेव्हा सांगू शकलो असतो. दर वर्षी वाटायचं, एवढी एक दिवाळी जाऊ दे. मुद्दल कमी होत होतं, शेवट दिसत होता. एकदा कर्ज संपलं की वास्तुशांत होईल, नाना येऊन राहतील आणि कोण कुणाला काय म्हणालं याला काही अर्थ उरणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

कर्ज संपायला एक दिवाळी उरली होती, त्या श्रावणात नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही भेटून आलो. त्यांनी डाव्या हाताने लेकीचा हात धरला, आणि ती अवघडल्यासारखी बसून राहिली. परत येताना एसटीत ती म्हणाली, "आता करून टाकू या का शांत? दुसरा गुरुजी बोलवू. नानांना जीपने आणू, आत निजवू. राहतील तरी."

मी खिडकीबाहेर बघत होतो. शेवटची भरायची रक्कम जमत आली होती.

"त्यांचाच नियम," मी म्हणालो. "ते आजारी असताना आपणच मोडायचा?"

आयुष्यात बोललेलं एकच वाक्य परत घेता आलं असतं, तर मी हे घेतलं असतं.

नाना दसऱ्याआधी गेले.

दहाव्याला गावातले पुष्कळ लोक आले होते. ऊसतोडीला जायचे दिवस जवळ आले होते, गाड्या ठरत होत्या, तरी माणसं थांबली होती. एक म्हातारा मुकादम माझ्या मेव्हण्याजवळ बसून सांगत होता, "आमी कारखान्याची उचल घेऊन घर बांधलं हुतं. समदं कर्जाचंच. म्या नानांना म्हनलं, फेडून येतो, मंग करू पूजा. तर मलाच दटावलं. म्हनले, पोरं आजच निजनार न्हवं घरात? मंग आजच करायची. लई मोठ्या मनाचा मानूस, बघा."

बायको आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. तिने ऐकलं. परतीच्या वाटेवर तिने एवढंच विचारलं, "मग आपल्यालाच अट का घातली?"

"जावयाशी लोक जरा कडक असतात," मी म्हणालो.

ती म्हणाली, "जावयाशी नाही. माझ्याशी."

दिवाळीत मी शेवटची रक्कम भरली. मुदतीच्या निम्म्याहूनही कमी वर्षांत कर्ज संपलं होतं. बँकेने कागद परत दिले, उताऱ्यावरचा बोजा उतरला. पुढच्या वैशाखात वास्तुशांत केली, चांगली मांडव घालून. जेवणं झाल्यावर मेव्हणा उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या नानांचा शब्द होता, आणि दाजींनी तो पाळला. पोटाला चिमटा काढून पाळला." मग बहिणीकडून ऐकलेलं ते वाक्य त्याने सांगितलं. मांडवात हशा झाला, टाळ्या पडल्या. मी हात जोडले. नानांचं ते वाक्य नातेवाइकांत पसरलं ते त्या मांडवातून.

पुढे मी निवृत्त झालो, मुलीचं लग्न झालं, ती आणि जावई पुण्यात नोकरी करतात. मध्ये इतकी वर्षं गेली की मला वाटू लागलं, हे आता माझ्याबरोबरच जाईल. यंदा मुलीने फ्लॅट घेतला. अर्थात कर्ज काढून. तिचा फोन आला तेव्हा बायकोने तो स्पीकरवर ठेवला होता.

"आई, सामान लागलं बरं का. तू ये आता."

"वास्तुशांत कधी?"

"ती कर्ज फिटल्यावर. नानाआजोबांचा नियम! उताऱ्यावर बँकेचा बोजा असताना..."

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "मग मी तेव्हाच येईन राहायला. तोवर सकाळी येऊन संध्याकाळी परत."

मला हे नवीन होतं. नानांची सवय तिने कधी उचलली, ते मला कळलंच नव्हतं.

"अगं आई, वीस वर्षांचं कर्ज आहे! नव्वदीला येशील का?"

"लवकर फेड. तुझ्या बापाने फेडलं तसं."

दोघी हसल्या. मी उठून ओट्यावर गेलो. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरणं जमत नाही, पुण्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं तिला एकदाही झेपलं नसतं. म्हणजे ती जाणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं. ती मेथी निवडत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "नाना काय म्हणाले होते ते पुन्हा सांगा. त्यांचेच शब्द सांगा."

मी सांगितले.

"पाच माणसं म्हणाले?"

"हो."

"आणि आहेर मीच आणणार आहे, म्हणाले?"

"हो."

तिने जुडी बाजूला ठेवली. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी उगाच नानांवर रुसले. इतकी वर्षं माझ्या मनात तेवढीच बाजू होती. ती म्हणाली, "म्हणजे नानांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की लेकीला पाच माणसांना जेवू घालणं जड झालंय. मी तसं म्हणाले, असं वाटत राहिलं."

ती बाजू माझ्या मनात कधी आलीच नव्हती.

नंतरचे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताट वाढायची, औषधाची आठवण करायची. मग एका संध्याकाळी फोन माझ्यापुढे ठेवला. "दादाला सांगा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, अहो, मी ते वाक्य घरोघरी सांगत फिरलोय! परवा बारशात सांगितलं!" त्याचा आवाज उतरला. "तरीच," तो म्हणाला. "नाना अट घालणारा माणूस नव्हता. माझ्या मनात यायचं, पण वाटायचं तुम्ही कशाला खोटं बोलाल." मग त्याने विचारलं, "ती कशी आहे?"

"बसली आहे इथेच."

"द्या तिला."

दोघं बहीणभाऊ बराच वेळ बोलले. मी ओट्यावर होतो. मध्येच ती हसल्याचा आवाज आला, मग रडल्याचा.

त्यानंतर तिने मुलीला फोन केला आणि आजोबांचा नियम काय होता ते एका वाक्यात सांगितलं : राहायला गेलात की लगेच. मुलीने कारण विचारलं, तर म्हणाली, "बाबांना विचार." मुलीलाही मीच सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कुकरचं ठीक होतं हो." एवढंच म्हणाली.

पुण्याची वास्तुशांत गेल्या महिन्यात झाली. घरातलीच माणसं होती. बायको आणि मेव्हणा पुढे बसले. मला कुणी मागे बसायला सांगितलं नव्हतं, मीच बसलो. जेवण झाल्यावर मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी जमलेल्यांना जमेल तसं सांगितलं. एक-दोघांनी "जाऊ द्या हो, आता काय त्याचं" म्हटलं. बायको म्हणाली, "जाऊ कशाला द्यायचं? ऐका."

कर्ज लवकर फेडलं याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आम्ही काटकसर केली, ती तिघांनी मिळून केली आणि त्यातला मोठा वाटा तिचा होता. वास्तुशांत लांबवायची होती तर तेही मी माझ्या नावावर सांगू शकलो असतो. नाना रागावले नसते. फार तर म्हणाले असते, जावई जरा चिक्कू आहे. ते खरंच होतं.

बायको मुलीकडेच थांबली आहे. किती दिवस, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी निघताना म्हणाली होती, "हे सगळं लिहून काढा. दादाच्या तोंडून नको, तुमच्या हातचं पाहिजे. आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवा." म्हणून लिहितो आहे. काल तिचा फोन आला.

"झालं का लिहून?"

"होत आलंय."

"दादाच्या साडूच्या धाकट्याने भिंगारला घर बांधलंय. कर्ज फिटायची वाट बघतोय म्हणे. त्याला आधी पाठवा."

पाठवतो म्हणालो. मग तिने विचारलं, मी जेवलो का, आणि फोन ठेवला.